सात वर्षांत पन्नास दिवाळ्या: प्रकाशवेगाच्या प्रवासाला निघणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही पुस्तिका कोणासाठी

केस पिकू लागले की माणूस आधी कलप लावतो, मग मेथीदाणे भिजत घालतो, मग योगवर्गात नाव घालतो. एवढे करूनही आरसा ऐकत नाही, तेव्हा तो आइन्स्टाइनकडे वळतो. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास केला की वय वाढत नाही, असे त्याने कुठेतरी वाचलेले असते. अशा होतकरू प्रवाशांसाठी ही पुस्तिका आहे. गणित वर्गमुळापर्यंतच लागेल. तेही जमत नसेल तर शेजारी भाचीला बसवावे. पुढे ती वयाने तुमच्याहून मोठी होणार आहे, तेव्हा तिच्याशी आतापासूनच नीट बोललेले बरे.

पायरी १: वेग निवडणे

प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर आणि वर ४५८ मीटर जातो. तुम्ही त्याहून हळू जाणार हे ठरलेलेच आहे. किती हळू, एवढेच तुमच्या हाती. घड्याळाचा हिशेब असा करावा: आपला वेग प्रकाशवेगाचा कितवा भाग आहे ते घ्यावे, त्याचा वर्ग करावा, तो एकातून वजा करावा आणि उरेल त्याचे वर्गमूळ काढावे. वेग ६० टक्के असेल तर ०.६ चा वर्ग ०.३६, एकातून गेले, उरले ०.६४, वर्गमूळ ०.८. म्हणजे घरी १० वर्षे होतात तेव्हा यानात ८ होतात. १९०५ साली स्वित्झर्लंडच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या आइन्स्टाइनने जे मांडले, त्यातले प्रवाशाच्या कामाचे एवढेच.

घरी १० वर्षे गेली तर यानातला काळ:

प्रकाशवेगाच्या १० टक्के: १० वर्षांना १८ दिवस कमी
५० टक्के: सुमारे ८ वर्षे ८ महिने
८६.६ टक्के: ५ वर्षे
९९ टक्के: सुमारे १ वर्ष ५ महिने
९९.९ टक्के: साडेपाच महिन्यांच्या आत
९९.९९ टक्के: सुमारे ५२ दिवस

यादी नीट पाहिली तर लक्षात येईल की निम्म्या वेगापर्यंत फारसे काही हाती लागत नाही. सगळा माल शेवटच्या टक्क्यात भरलेला आहे. आजवर माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे पार्कर सोलार प्रोब. डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना तिने ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटरचा वेग गाठला. हा वेग प्रकाशवेगाच्या एका टक्क्याचा साधारण सोळावा भाग भरतो, आणि आत माणूस नव्हता. तेव्हा आरक्षण सध्या प्रतीक्षायादीत आहे असे समजून पुढची पायरी वाचावी.

पायरी २: घरच्या घरी सराव

समजा तुम्ही तीस वर्षे, वर्षाचे तीनशे दिवस, रोज सहा तास ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत बसून पुणे-मुंबई ये-जा केली. घरी बसलेल्या माणसाच्या तुलनेत तुमची बचत एक मायक्रोसेकंदही होत नाही. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. त्यातही घर पुण्यात असेल तर आणखी पंचाईत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. उंचावर घड्याळ किंचित जलद चालते, हे आइन्स्टाइनच्याच पुढच्या, गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातून निघते. त्या हिशेबाने पुणेकर मुंबईकरापेक्षा दर वर्षी जवळजवळ दोन मायक्रोसेकंदांनी जास्त जुना होतो. तीस वर्षे गाडीत बसून कमावलेले पुण्यात पाच महिने राहिले की खर्ची पडते. आपण इतरांपेक्षा जास्त पाहिलेले आहे असे पुणेकरांना वाटते, त्याला शास्त्राचा पाठिंबा आहे तो एवढाच.

हे सगळे कागदावरचे नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघांनी सिझियमची चार घड्याळे साध्या प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिले, तर पूर्वेला गेलेली सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती आणि पश्चिमेला गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. पूर्वेला जाताना विमानाचा वेग पृथ्वीच्या फिरण्यात मिळवला जातो, पश्चिमेला जाताना त्यातून वजा होतो. उंचीचा परिणाम दोन्हीकडे साधारण सारखाच. तात्पर्य, तरुण राहण्याच्या हेतूने विमान पकडायचे तर ते पूर्वेचे पकडावे.

स्पेस स्टेशनवर राहून पाहायचे असेल तर अंतराळवीर स्कॉट केली यांचा दाखला आहे. २०१५-१६ मध्ये ते ३४० दिवस तिथे राहिले आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क जमिनीवर राहिले. स्कॉट यांची वेळेतली बचत सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. उलट तिथे वजनच नसल्यामुळे शरीराचा भार पेलणारी हाडे महिन्याला सुमारे एक टक्का झिजतात. सांध्यांच्या तक्रारीवर उपाय म्हणून हा प्रवास निवडू नये.

प्रत्यक्ष पुरावा मात्र या क्षणी तुमच्या हातातून आरपार जात आहे. अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात तेव्हा म्यूऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, आणि म्यूऑनांना तर दहा-पंधरा किलोमीटर खाली यायचे असते. तरी ते येतात. तळहात आडवा धरला तर सेकंदाला साधारण एक जातो. वेगामुळे त्यांचे घड्याळ मंदावते म्हणूनच हे शक्य होते. असे कण हे जणू घड्याळच असून धावताना ते उशिरा फुटणार, हे १९३८ साली इंग्लंडातून लिहिणारा तरुण मूळचा मुंबईचा होता. त्याचे नाव होमी भाभा. पुढे १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरावर आणि पायथ्याशी म्यूऑन मोजून ते पडताळले. १९७० च्या दशकात सर्न या प्रयोगशाळेत म्यूऑन प्रकाशाच्या ९९.९४ टक्के वेगाने कड्यात फिरवले, तेव्हा ते सुमारे २९ पट जगले. एकाही म्यूऑनाने परत येऊन आपल्याला तरुण वाटते आहे असे सांगितलेले नाही. का, ते पायरी ४ मध्ये.

पायरी ३: ठिकाण, इंधन आणि धूळ

नवशिक्यांनी अभिजित निवडावा. सत्तावीस नक्षत्रांच्या यादीतून वगळला गेलेला, पण आकाशात ठळक दिसणारा हा तारा २५ प्रकाशवर्षांवर आहे. भोवती धुळीची तबकडी आहे, बाकी पाहण्यासारखे विशेष नाही. फोटो लवकर उरकतात. ९९ टक्के वेगाने जाऊन लगेच परत फिरले तर घरी साडेपन्नास वर्षे जातात आणि यानात ७ वर्षे व एक-दीड महिना.

इंधनाचे पाहू. ७० किलोच्या एका प्रवाशाला, बॅग आणि डबा वगळून, ९९ टक्के वेगाला न्यायला साधारण साडेदहा लाख कोटी युनिट वीज लागते. सध्या सगळा भारत वर्षभरात जेवढी वीज बनवतो तिच्या सुमारे सहा पट. ही फक्त वेग घेण्याची. तिथे थांबायला पुन्हा तेवढीच, निघायला तेवढीच आणि घरी येऊन थांबायला तेवढीच. यानाचे वजन यात धरलेले नाही.

वाटेत धूळ आहे. या वेगाला एक मिलिग्रॅमचा कण आदळला तर १३० टन टीएनटीचा स्फोट झाल्यासारखे होते. खिडकी उघडी ठेवू नये.

हिशेब सोपा राहावा म्हणून वर यान क्षणात वेग घेते असे धरले आहे. खरोखर तसे केले तर आसनावर प्रवासी उरणार नाही, डाग उरेल. अंगाला पृथ्वीवर जेवढा भार जाणवतो तेवढाच जाणवेल अशा बेताने निम्मी वाट वेग वाढवत आणि निम्मी कमी करत गेले, तर अभिजितची एक खेप यानात सुमारे साडेसहा वर्षांची होते. जाऊन-येऊन १३ वर्षे आणि घरी जवळपास ५४. हाडेही शाबूत राहतात. पुढच्या पायऱ्यांत मात्र सोयीसाठी सात आणि पन्नास हेच आकडे ठेवले आहेत.

पायरी ४: यानात बसल्यावर

आता तरुण होण्याची वाट पाहू नये. यानात काहीही मंद झालेले नसते. चहा तेवढ्याच वेळात उकळतो, दाढी तेवढीच वाढते, नाडी मिनिटाला पूर्वीइतकीच पडते. मंदावले असते तर मेंदूही सोबतच मंदावला असता आणि फरक कळला नसता, असे काही जण समजावतात. तेही खरे नाही. तुमच्या हिशेबाने तुमचे घड्याळ बिनचूक आहे. अभिजित एवढ्या लवकर कसा आला, याचे यानातले उत्तर वेगळे आहे. तुमच्या दृष्टीने मधले अंतरच आकसून साडेतीन प्रकाशवर्षे झालेले असते. साडेतीन वर्षांची वाट साडेतीन वर्षांत संपली, यात आश्चर्य ते काय?

म्हणून हे ठळक अक्षरांत लिहून यानाच्या भिंतीवर लावावे: तुम्ही सात वर्षे गेलात आणि सात वर्षांनीच म्हातारे झालात. ऐंशी वर्षांचे आयुष्य असेल तर ते ऐंशीच राहते. त्यात एक जास्तीचा रविवारसुद्धा मिळत नाही. म्यूऑन बोलत नाही त्याचे कारण हेच. त्याच्या लेखी तो २.२ मायक्रोसेकंदच जगला.

पायरी ५: घराशी संपर्क

प्रकरणाचा खरा उलगडा इथे होतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचावी.

घरच्यांनी रोज रात्रीची मालिका यानाकडे पाठवायची असे ठरले आहे समजा. जाताना तुम्ही त्या प्रक्षेपणापासून दूर पळत असता, त्यामुळे ते तुम्हाला १४ पट संथ मिळते. बावीस मिनिटांचा भाग पाच तासांहून जास्त चालतो. सुनेने दार उघडले आणि सासूने मान वळवली, एवढ्यात तुमचे जेवण होते. (जुन्या प्रेक्षकांना हा फरक जाणवेलच असे नाही.) अभिजितला पोहोचेपर्यंत, साडेतीन वर्षांत, तुम्हाला घरची फक्त तीन महिन्यांची खबर मिळालेली असते. निघालात तेव्हा आषाढीची तयारी चालली असेल तर अजून दिवाळीसुद्धा आलेली नसते.

यान वळवले की चित्र उलटते. आता तुम्ही प्रक्षेपणाच्या अंगावर चालून जाता आणि सगळे १४ पट वेगाने येते. मालिकेचा भाग दीड मिनिटात संपतो. दर २६ दिवसांनी दिवाळी येते. एक फराळ पचतो न पचतो तोच दुसऱ्याचे फोटो येतात, आणि प्रत्येक फोटोत कोणीतरी नवे असते आणि कोणीतरी नसते. परतीच्या साडेतीन वर्षांत घरची पन्नास वर्षे तुमच्यावर कोसळतात.

आता हेच घरून कसे दिसते ते पाहा. तुम्ही दर रविवारी न चुकता निरोप धाडता. घरी तो चौदा आठवड्यांनी एकदा येतो. तुम्ही वळलात ही खबर अभिजितहून निघून २५ वर्षांनी घरी पोहोचते. तोवर तुम्हाला जाऊन सव्वापन्नास वर्षे झालेली असतात. म्हणजे सव्वापन्नास वर्षे घरचे लोक तुमचा जाण्याचाच प्रवास पाहत बसलेले असतात. मग तुमच्या परतीची साडेतीन वर्षे अवघ्या तीन महिन्यांत धडाधड येऊन पडतात आणि शेवटचा निरोप ऐकून होईतो तुम्ही दारात.

वेग तर सापेक्ष आहे, मग यानातून पाहता घरचेच पळत आहेत, ते का तरुण राहत नाहीत, ही शंका इथेच फिटते. दोघांनाही दुसरा आधी संथ आणि मग जलद दिसतो. इथवर बरोबरी आहे. पण तुम्ही वळल्याक्षणी तुमचे चित्र पालटते, कारण वळलात तुम्ही. घरच्यांना ते पालटलेले दिसायला आयुष्य जावे लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी १९११ मध्ये असाच प्रवासी कल्पिला होता. त्याची दोन वर्षे होतात तेव्हा पृथ्वीवर दोनशे जातात. त्याच्यापुढे तुमचा बेत साधा आहे.

पायरी ६: कागदपत्रे

आधार कार्डावरची जन्मतारीख प्रवासाने बदलत नाही. तिशीत निघालेला प्रवासी परतेल तेव्हा कागदावर ऐंशीचा आणि चेहऱ्याने सदतिसाचा असेल. पंचाहत्तरीपुढच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे. त्या वेळीही ती सवलत चालू असेल तर तुम्ही हक्काने कार्ड दाखवाल आणि कंडक्टर ते उलटेपालटे करून पाहील. त्याला सापेक्षता समजावू नये. मागे रांग असते.

निवृत्तिवेतन घेऊन निघणाऱ्यांना हा व्यवहार वरकरणी फायद्याचा दिसेल: सात वर्षांचे जेवण, पन्नास वर्षांचे पेन्शन. पण दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. यानाच्या कॅलेंडरात नोव्हेंबर सरासरी दर ५२ दिवसांनी उगवतो. शिवाय अभिजितहून पाठवलेला दाखला २५ वर्षांनी पोहोचतो, आणि त्यातून तुम्ही २५ वर्षांपूर्वी जिवंत होता एवढेच सिद्ध होते. सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते, असा आपला कायदा आहे. ही सात वर्षे पृथ्वीवरची धरतात. तेव्हा रविवारचा निरोप चुकवू नये.

पायरी ७: नातेवाईक

तीस वर्षांचे तुम्ही, अठ्ठावीसची पत्नी आणि चार वर्षांची मुलगी सोडून निघालात असे धरू. परत याल तेव्हा तुम्ही सदतीस, मुलगी साडेचोपन्न आणि पत्नी साडेअठ्ठ्याहत्तर. दार उघडणारा मुलगा तुमच्यापेक्षा थोडा लहान दिसेल. तो तुमचा नातू.

नमस्कार कोणी कोणाला करायचा, हा प्रश्न अवघड वाटला तरी आपल्याकडे तो केव्हाच सुटलेला आहे. पूर्वी आई आणि थोरली लेक एकाच सुमारास बाळंत होत, तेव्हा भाच्याहून लहान मामा घरोघरी असे आणि वयाने मोठा भाचा त्याला मुकाट्याने ‘मामा’ म्हणे. मान नात्याचा. त्यामुळे नातू वाकेल. मुलगीही वाकेल, फक्त उठताना तिला हात द्यावा, गुडघे दुखत असतील. तिला ‘अगं’ म्हणताना मात्र तुमचीच जीभ अडखळेल. पत्नीशी कसे बोलावे याविषयी पुस्तिकेकडे सूचना नाहीत. तुमच्यासाठी सात वर्षांचा विरह आहे आणि तिच्यासाठी सगळा संसार, शाळेचे प्रवेश, मुलीचे लग्न, आजारपणे आणि घराची डागडुजी धरून. ‘अजून तशीच दिसतेस’ हे वाक्य टाळावे. आणि ‘तुम्ही तर अजून तसेच’ हे तिच्या तोंडून आले तर ती स्तुती समजू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नेमका प्रकाशाच्याच वेगाने गेलो तर?* जाता येत नाही. जसजसे जवळ जाल तसतसे इंधन वाढत जाते आणि शेवटच्या पावलाला ते अमर्याद लागते. अर्ज करू नये.

*आकाशगंगेबाहेर जाता येईल का?* पृथ्वीवरच्याइतका भार सतत जाणवेल असा वेग वाढवत आणि पुढे कमी करत गेलात तर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका यानातल्या २९ वर्षांच्या आत गाठता येते. नोकरीचा काळ तिथेच निघेल. घरी २५ लाख वर्षे गेलेली असतील, त्यामुळे परतीचे तिकीट काढण्याचे प्रयोजन उरत नाही.

*हे तर आपल्या पुराणांत आधीच आहे ना?* कथा आहे. राजा ककुद्मी लेकीसाठी, रेवतीसाठी, सुचवलेल्या स्थळांपैकी कोणते बरे हे विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गाणे चालू होते म्हणून थोडा थांबला आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. मनात धरलेली स्थळे गेली, त्यांचे नातू-पणतूही गेले. शेवटी रेवती बलरामाला दिली. या कथेत वेगाचा उल्लेख नाही आणि वर्गमूळही नाही, म्हणून ती शास्त्र म्हणून पुढे पाठवू नये. मात्र निघण्यापूर्वी मुलीच्या लग्नाची बोलणी अर्धवट ठेवू नयेत, हा धडा तिच्यात स्पष्ट आहे.

*प्रवास संपल्यावर माझी किती वर्षे वाचली असे म्हणता येईल?* एकही नाही. तुम्ही आपली सात वर्षे खर्च केलीत आणि घरच्यांनी आपली पन्नास. तुमच्या तारुण्याचा हिशेब त्यांच्या खात्यावर मांडला जातो.

शेवटची पायरी: संमतीपत्र

वरील कारणास्तव संमतीपत्रावर प्रवाशाची सही चालणार नाही. मागे राहणाऱ्या प्रत्येकाने आपापला अर्ज स्वतंत्र भरावा. लहान मुलांच्या वतीने पालकांनी सही करू नये. मूल सज्ञान होईपर्यंत उड्डाण थांबवावे. मजकूर असा:

‘मी ............, नाते ............, लिहून देते/देतो की प्रवासी परत येतील तेव्हा माझे वय ...... असेल आणि त्यांचे ...... असेल, हे मला समजले आहे. मधली ...... वर्षे माझी आहेत. त्यांपैकी किती वर्षे मी वाट पाहण्यात घालवावी, हे प्रवाशाने ठरवू नये.’

अर्ज दोन प्रतींत भरावा. प्रवाशाची प्रत साध्या पाकिटात ठेवली तरी चालेल. घरच्या प्रतीचे लॅमिनेशन करून घ्यावे.